बी.कॉम.च्या तीन वर्षांत नेमके शिकवतात काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या अभ्यासिकेत मुले-मुली पेढे घेऊन येतात. "पुढे काय?" असे विचारले की निम्म्या जणांचे उत्तर ठरलेले असते, "ताई, कॉमर्स." का, म्हणून विचारले तर कारणेही ठरलेली. सायन्सला टक्के कमी पडले, किंवा सायन्सच्या क्लासची फी झेपणार नव्हती, आणि आर्ट्सला स्कोप नाही असे कोणीतरी काकांनी सांगितले. उरले कॉमर्स. तीन वर्षांनी तीच मुले पदवी हातात घेऊन परत येतात आणि विचारतात, "ताई, बी.कॉम. झालं. आता काय करू?"

मी स्वतः समाजशास्त्राची. जमाखर्चाशी माझा संबंध आला तो नोकरीला लागल्यावर, आणि तोही वाईट प्रसंगातून. मी ज्या संस्थेत प्रकल्पाचे काम पाहत होते तिथला हिशोबनीस अचानक सोडून गेला. निधी देणाऱ्यांनी पहिल्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र मागितले. पैसे प्रामाणिकपणे खर्च झाले होते, मला माहीत होते, कारण अर्धे मीच केले होते. पण बिले एका पिशवीत, व्हाउचर कोणाच्या सहीशिवाय, आणि बँकेतली शिल्लक वहीतल्या शिलकेशी जुळत नव्हती. दुसरा हप्ता अडकला. बालवाडी चालवणाऱ्या आमच्या बायकांना चार महिने मानधन मिळाले नाही. त्यातल्या एकीने मला विचारले, "ताई, पैसे खाल्ले का कोणी?" कोणी खाल्ले नव्हते. पण ते दाखवता येत नव्हते. त्यानंतर मी बारावीचे 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' हे पुस्तक विकत आणले आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्या धड्यापासून वाचले.

म्हणून हा लेख. कॉमर्सला जाणाऱ्यांनी वाचावा, आणि मंडळे, ट्रस्ट, विहार समित्या चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनीही वाचावा.

सुरुवात अकरावीपासून होते. पुस्तपालन, वाणिज्य संघटन, अर्थशास्त्र आणि चिटणिसाची कार्यपद्धती हे मुख्य विषय. त्यातला कणा म्हणजे पुस्तपालन. त्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात आणि दोन्ही लिहायच्या. इटलीतला लुका पाचोली हा गणिती भिक्षू. त्याने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात ही द्विनोंदी पद्धत मांडली. ती त्याने शोधली नव्हती, व्हेनिसचे व्यापारी आधीपासून वापरत होते, त्याने ती लिहून काढली. आज टॅलीमध्ये जे चालते तेही मुळात हेच.

मुले याचे नियम पाठ करतात. घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे जमा. जे येते ते नावे, जे जाते ते जमा. खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि लाभ जमा. पाठांतर इतके पक्के की झोपेत विचारले तरी सांगतील. पण पासबुकात पैसे भरल्यावर 'जमा' का लिहून येते, असे विचारा. तुमच्या वहीत बँकेचे खाते तर 'नावे' होते ना? इथे बरेच जण थांबतात. उत्तर सोपे आहे. पासबुक ही बँकेची वही आहे, तुमची नव्हे. तुम्ही पैसे दिलेत म्हणून तिच्या वहीत देणाऱ्याचे, म्हणजे तुमचे, खाते जमा. तोच व्यवहार तुमच्या वहीत उलटा दिसतो. हे ज्याला कळले त्याला बँक जुळवणी पत्रक पाठ करावे लागत नाही. आमच्या संस्थेत नेमके हेच पत्रक कोणाला करता आले नव्हते.

आता रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद या पायऱ्या कशासाठी, ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण माझे आहे, पण असा पोरगा प्रत्येक वस्तीत असतो.

एका तरुणाने साठवलेल्या १,२०,००० रुपयांत साउंड सेट घेतला. लग्न, जयंती, वाढदिवस अशी वर्षभर भाड्याने कामे केली. हातात ९६,००० रुपये आले. आणखी १४,००० लोकांकडे उधारी राहिली. टेम्पो, पोरांची मजुरी, दुरुस्ती यावर ५०,००० गेले. वर्षाच्या शेवटी तो हिशोब करतो, "आले ९६, गेले ५० आणि सेटचे १,२०. म्हणजे ७४ हजारांचा तोटा. धंदा बंद करतो."

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हेच वेगळे मांडेल. सेट हा या वर्षाचा खर्च नाही, ती मालमत्ता आहे. तो पाच वर्षे चालेल असे धरले तर या वर्षाच्या वाट्याला घसारा म्हणून २४,००० येतात. उधारीचे १४,००० हातात आले नसले तरी कमावलेले आहेत. म्हणजे उत्पन्न १,१०,०००. त्यातून खर्च ५०,००० आणि घसारा २४,००० वजा केले तर नफा ३६,०००. ताळेबंदात एका बाजूला सेट ९६,०००, उधारी १४,००० आणि रोख ४६,०००, एकूण १,५६,०००. दुसऱ्या बाजूला भांडवल १,२०,००० आणि नफा ३६,०००, एकूण तेवढेच. दोन्ही बाजू जुळल्या.

म्हणजे धंदा तोट्यात नाही. पण थांबा. ३६,००० म्हणजे महिन्याला ३,००० रुपये, आणि त्यात त्याची स्वतःची वर्षभराची मेहनत धरलेली नाही. तेवढ्याच वेळात तो दुसरीकडे कामाला गेला असता तर किती मिळाले असते? हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पेपरात 'संधी खर्च' नावाने येतो. पुढे परिव्यय लेखांकनात प्रत्येक कामामागचा खर्च किती, भाडे किती ठेवले तर परवडते, हे काढायला शिकवतात. म्हणजे सोडून द्यायचा नाही, भाडे वाढवायचे आणि उधारी वसूल करायची, असे उत्तर निघते. वही नसती तर एकतर त्याने चांगला धंदा मोडला असता, किंवा वर्षानुवर्षे फुकट राबला असता. २०१६ साली आलेल्या स्टँड-अप इंडियासारख्या योजनेत अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंतचे कर्ज देण्याची तरतूद झाली. बँकेत गेल्यावर पहिल्यांदा मागतात प्रकल्प अहवाल, म्हणजे पुढच्या वर्षांचा नफा-तोटा आणि ताळेबंद. आपली पोरे तिथे एजंट शोधतात.

पदवीच्या वर्षांत हेच वाढत जाते. विद्यापीठागणिक विषयांची नावे बदलतात, पण साचा सारखा आहे. पहिल्या वर्षी आर्थिक लेखांकन, व्यावसायिक अर्थशास्त्र, गणित व संख्याशास्त्र, संवादकौशल्य. नंतर कंपनीची खाती, कंपनी कायदा, व्यवस्थापन. शेवटच्या वर्षी लेखापरीक्षण, परिव्यय, प्राप्तिकर, जीएसटी आणि आवडीचा एखादा विषय, उदाहरणार्थ बँकिंग किंवा विपणन. व्यवस्थापनाच्या विषयात बराचसा भाग व्याख्या आणि 'फायदे-तोटे' यांचा असतो, त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लेखापरीक्षणाबद्दल मात्र लिहायला हवे.

लेखापरीक्षण म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला हिशोब खरा आहे का ते तपासणे. व्हाउचर आहे का, सही आहे का, माल खरोखर गोदामात आहे का, बँकेतली शिल्लक बँकेलाच विचारून पाहिली का. विद्यार्थ्यांना हा विषय रटाळ वाटतो. सत्यम कॉम्प्युटर्सचे प्रकरण जानेवारी २००९ मध्ये बाहेर आले, तेव्हा अध्यक्षांनीच कबूल केले की ताळेबंदात दाखवलेले पाच हजार कोटींहून अधिक रुपये अस्तित्वातच नव्हते. ती रक्कम रोख आणि बँक शिल्लक म्हणून दाखवलेली होती, म्हणजे तपासायला सगळ्यांत सोपी गोष्ट. मुंबईत पीएमसी बँकेचे सप्टेंबर २०१९ मध्ये काय झाले ते तर अनेकांनी भोगले आहे. एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे हजारो बनावट खात्यांआड लपवली होती. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. रिक्षावाले, भाजीवाले, पेन्शनर रांगेत उभे होते. त्या रांगेशी तिसऱ्या वर्षाच्या त्या रटाळ पेपरचा थेट संबंध आहे, पण वर्गात तो कोणी जोडून दाखवत नाही.

आपल्याला तर हा विषय परका वाटायचे कारण नाही. बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला लागले. कोलंबियात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला होता. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ चा. म्हणजे सरकारचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, याचा हिशोब त्यांनी तरुणपणीच मांडला होता. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत नियंत्रक आणि महालेखापरीक्षक या पदावर चर्चा झाली तेव्हा त्यांनी हा बहुधा संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत मांडले. न्यायपालिकेइतकेच, किंबहुना अधिक, स्वातंत्र्य त्याला हवे अशी त्यांची भूमिका होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. आपण कला आणि कायद्याच्या महाविद्यालयांची आठवण नेहमी काढतो, हे मात्र सहसा विसरतो.

आता कार्यकर्त्यांसाठी थोडे. बारावीच्या पुस्तकात 'नफा न कमावणाऱ्या संस्थांची खाती' असा एक धडा आहे. परीक्षेत त्यावर गणित हमखास येते. त्यात दोन पत्रकांतला फरक शिकवतात. एक, वर्षभरात रोख किती आली आणि किती गेली. दोन, या वर्षाचे खरे उत्पन्न किती आणि या वर्षाचा खरा खर्च किती. पहिल्यात पुढच्या वर्षाची आगाऊ वर्गणीही येते, हॉलसाठी आलेली मोठी देणगीही येते. दुसऱ्यात ती तशी येत नाही. एखाद्या ट्रस्टला इमारतीसाठी ५ लाखांची देणगी मिळाली आणि कमिटीने ती वर्षाचे उत्पन्न समजून कार्यक्रमांवर खर्च केली, तर कोणी चोरी केलेली नसते, पण देणगीदाराची फसवणूक झालेली असते. अशी भांडणे मी पाहिली आहेत. निम्मी भांडणे माणसांची असतात, निम्मी या एका धड्याची.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणीकृत ट्रस्टला ताळेबंद परिशिष्ट ८ च्या नमुन्यात आणि उत्पन्न-खर्च पत्रक परिशिष्ट ९ च्या नमुन्यात द्यावे लागते. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी वर्गणी गोळा करायची तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. कंपन्यांचा सीएसआर निधी हवा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक लागतो. आपल्या किती संस्थांकडे मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल तयार आहेत? आणि त्याच वस्तीत किती बी.कॉम. झालेली मुले बसून आहेत? मला हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेसे वाटतात.

मुले बसून का आहेत, याचे उत्तर महाविद्यालयात सापडते. आमच्याकडची एक मुलगी पहिल्या श्रेणीत बी.कॉम. झाली. एका सीए कार्यालयात मुलाखतीला गेली. समोरच्याने बिलांचा गठ्ठा दिला आणि म्हणाला, "यांच्या नोंदी कर." ती परत येऊन मला म्हणाली, "ताई, तीन वर्षांत मी खरं बिल कधी हातातच घेतलं नव्हतं. आम्हाला गणितात सगळं छापून यायचं, 'रामकडून उधारीवर माल खरेदी केला' असं. तिथे राम कुठे, माल कुठला, तेच कळेना." चूक तिची नाही. वर्गात शंभरावर मुले, परीक्षेआधी 'अपेक्षित प्रश्नसंच', आणि गणिते ठरावीक साच्याची. कंपनी विलीनीकरणाचे गणित सोडवता येते, पण जीएसटीचे विवरणपत्र भरताना पाहिलेले नसते. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला आणि त्याचे नियम सतत बदलत राहिले, पुस्तके मागेच राहिली. मग पदवीनंतर टॅली आणि जीएसटीच्या क्लासला पुन्हा पैसे मोजावे लागतात. तीन वर्षे शिकून झाल्यावर शिकायचे पैसे!

तरीही पदवी फुकट गेली असे मी म्हणणार नाही. ज्याला नोंदीमागचे कारण कळले आहे, त्याला टॅली महिना-दीड महिन्यात येते. ज्याने फक्त टॅली शिकली, त्याला तेरीज जुळली नाही की काय करायचे ते कळत नाही. त्याच मुलीला पुढे एका किराणा घाऊक व्यापाऱ्याकडे काम लागले. सहा महिने कमी पगारावर बिले लावली, आता तिथले विवरणपत्र तीच भरते.

साधे बी.कॉम. की लेखांकन व वित्त विषयातले बी.ए.एफ. असे मुंबईकडची मुले विचारतात. बी.ए.एफ.मध्ये लेखांकन, कर आणि परिव्यय जास्त खोलात आहे, पण तो स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम आहे, फी अनुदानित बी.कॉम.पेक्षा कित्येक पट असते. सीए करायचे मनात असेल तर अनुदानित बी.कॉम. करून उरलेला पैसा आणि वेळ सीएच्या तयारीला द्यावा, असे माझे मत. कोणाचे वेगळे असू शकते.

सीएबद्दल आपल्याकडे उगाच भीती आहे. तो मार्ग महाग नाही, अवघड आहे. बारावीनंतर फाउंडेशन, चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के. किंवा वाणिज्य पदवीला ५५ टक्के असतील तर थेट इंटरमिजिएट. मग फायनल. नव्या योजनेत सीएच्या हाताखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण दोन वर्षांचे आहे आणि त्यात विद्यावेतन मिळते. जागा मर्यादित नाहीत, त्यामुळे प्रवेशासाठी डोनेशन नाही आणि आरक्षणाचा प्रश्नही नाही. अडचण दोन ठिकाणी येते. परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून द्यावी लागते. आणि प्रशिक्षणासाठी चांगले कार्यालय मिळायला ओळख लागते. ज्यांच्या घरात, नात्यात, शेजारी एकही सीए नाही, त्या मुलाने कोणाचे दार वाजवायचे? शहरात जे सीए झालेले आपले बांधव आहेत, त्यांनी वर्षाला एक मूल हाताखाली घेतले तरी हे दार उघडते.

आणखी एक मार्ग फार कमी जणांना माहीत आहे. राज्याच्या सहकार विभागाची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा. पदवीधराला देता येते. ती उत्तीर्ण होऊन अनुभवाची अट पूर्ण केली की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या यादीत नाव लावता येते. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था महाराष्ट्रात किती आहेत ते पाहा, म्हणजे कामाची कल्पना येईल.

पैशांचे म्हणाल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, त्यावर उत्पन्न असेल तर शिक्षण व परीक्षा फी माफीची वेगळी योजना आहे. काम करून शिकायचे असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठीत बी.कॉम. करता येते. अर्ज वेळेत भरा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. दरवर्षी शेवटच्या आठवड्यात तहसीलला रांग लागते आणि दरवर्षी चार-पाच मुले राहून जातात.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता पदवीत फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग आणि कम्युनिटी एंगेजमेंट यांना श्रेयांक आहेत. बहुतेक मुले ते कुठल्यातरी ओळखीच्या दुकानाचे पत्र आणून उरकतात. आम्ही यंदा वेगळे करून पाहत आहोत. बी.कॉम.च्या चार विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या एका मंडळाचे जयंतीचे हिशोब लिहायला घेतले आहेत. पावतीपुस्तके, बिले, बँकेचे स्टेटमेंट सगळे टेबलावर, आणि मंडळाचे दोन कार्यकर्ते सोबत. अध्यक्ष आधी नाराज होते, "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणाले. मी त्यांना बालवाडीच्या बायकांची गोष्ट सांगितली. मग त्यांनी स्वतः कपाटाची किल्ली दिली.

पहिल्या आठवड्यात वर्गणीची वही आणि बँक यांच्यात ३,५०० रुपयांचा फरक निघाला. त्यातले २,००० मंडपवाल्याला रोख दिले होते, त्याची पावती सापडली. उरलेल्या १,५०० साठी मुले एका पावतीपुस्तकाचा शोध घेत आहेत, ते बहुधा मागच्या गल्लीतल्या भाऊंच्या घरी राहिले असावे.